असातेचा उदय फक्त सुनांच्याच गुडघ्यात?



गेल्या रविवारी मंदिराच्या पायऱ्या उतरताना मी कठडा धरला, तर मागून आवाज आला, "असातेचा उदय आहे गं. समतेनं सोस, निर्जरा होईल." बोलणाऱ्या काकू मनानं चांगल्या आहेत. पण हे वाक्य मी चार वर्षं ऐकतेय आणि आता मला त्याचा राग येतो.

कारण माझ्या दीरांना ते कुणी ऐकवलं नाही. त्यांचा खांदा आखडला, तर आठवड्याच्या आत फिजिओथेरपी सुरू. ने-आण करायला घरची गाडी. तेव्हा कर्मसिद्धांत कुणालाच आठवला नाही. म्हणजे दीरांचं ते दुखणं आणि सुनेचा तो उदय!

बावीस परीषहांत रोगपरीषह आहे, मान्य. पण मुनींनी ते व्रत समजून-उमजून घेतलेलं असतं. ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईवर ते दुसऱ्यांनी लादायचं नसतं. आणि सोसणं हेच पुण्य असेल, तर श्रावकाच्या चार दानांत औषधदान कशाला सांगितलं? औषध देणारा मग दुसऱ्याच्या निर्जरेत विघ्नच आणतो म्हणायचं! सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांतली चाळीस मिनिटं माझं चित्त गुडघ्यात असायचं. वेदनेचं सततचं चिंतन म्हणजे आर्तध्यान. त्यानं कर्म झडत नाही, बांधलं जातं.

एक चूक मात्र माझी. शेजारणीच्या पाकिटातल्या वेदनाशामक गोळ्या मी महिनोन्‌महिने घेतल्या, पोट आणि मूत्रपिंड यांचा विचारच केला नाही. मग एका केंद्रात दहा दिवस गेले. गुडघ्याला पट्ट्या लावायच्या, करंटच्या मुंग्या, वरून शेक, काउंटरवर पैसे. मी चालते कशी, हे दहा दिवसांत एकदाही कुणी पाहिलं नाही. संध्याकाळी बरं वाटायचं, सकाळी पहिले पाढे पंचावन्न. सांध्यांच्या झिजेवर ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं 2022 साली दिलेल्या मार्गदर्शनात तर हे करंटचे आणि अल्ट्रासाउंडचे उपचार देऊच नका, असं आहे. आधी व्यायाम, आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मशीनचं बिल होतं, शिकवण्याचं होत नाही.

दुसऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसातून किती वेळा खाली बसता-उठता?" मोजलं तर वीसच्या वर! त्यांनी मला खुर्चीतून उठवून पाहिलं आणि दोनच व्यायाम दिले. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्यानं दाबून पाच आकडे थांबायचं. आणि खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं. दुखतं म्हणून बसून राहिलं की मांडीचे स्नायू दुबळे होतात, भार सांध्यावर येतो, आणखी दुखतं. सुरुवातीला थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर संख्या कमी करायची, व्यायाम बंद करायचा नाही. (गुडघा सुजून गरम झाला, ताप आला, किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर मात्र आधी डॉक्टर.) धान्य निवडणं टेबलावर आलं, सामायिक खुर्चीवर. त्यावरून दोघींनी नाकं मुरडली. समता काय मांडी घातल्यावरच येते?

आता "वेळ नाही" या सबबीकडे वळते. आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवणं आटोपतात. संध्याकाळ मोकळी असते, पण कुणाची? पुरुष टीव्हीसमोर, बाई मोरीत. ताईंचा कागद फ्रिजवर महिनाभर तसाच चिकटलेला होता, तो आळसामुळे नव्हे. आपल्याला आठवड्यातून तीनदा क्लिनिकची ने-आण नकोच आहे. एकदा नीट शिकवणारं माणूस हवं, महिन्यानं पुन्हा तपासणारं हवं, आणि रोज वीस मिनिटं, ज्यात "अगं, जरा इकडे ये" अशी हाक येणार नाही. एवढं मागायला मला चार वर्षं लागली.

आमच्याकडे हल्ली संध्याकाळची भांडी मुलगा घासतो. कढईला तेल राहतं. राहू दे.