हातचा कोठून आला?

२०१९ च्या जून महिन्यात अवघ्या महाराष्ट्राची एक मोठी करमणूक झाली. 'बालभारती'च्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची एक जोडपद्धत दिलेली आढळली. 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक', 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन'. झाले! मराठी भाषेवर घाला पडल्याची हाकाटी सुरू झाली. वृत्तपत्रांतून विनोदांना पूर आला. विधानसभेत तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या आडनावातील 'वीस'ची फोड करून हशा पिकवला गेला. आमच्या धर्मग्रामातही रविवारच्या मिस्सानंतर प्रांगणात हाच विषय. आम्हीही त्या हसण्यात सामील होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी शांतपणे कारणे सांगितली. आयुष्यभर गणिताचे अध्ययन व अध्यापन केलेल्या या विदुषी २०२३ च्या जुलैमध्ये निवर्तल्या; त्यांचे म्हणणे मात्र आजही ताजे आहे. 'पंचवीस' या शब्दात मूल पाच आधी ऐकते आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी व पाच नंतर. मग पंचवीस सांगितले की कित्येक मुले बावन्न लिहून मोकळी होतात. शिवाय 'त्र्याण्णव', 'अठ्ठ्याण्णव' यांसारखी जोडाक्षरे सात वर्षांच्या जिभेला जड जातात. जुनी नावे रद्द केलेली नव्हती. समज पक्की व्हावी म्हणून शेजारी एक सोपी वाट दाखवली होती.

यात जगावेगळे काय होते? कानडी व तेलुगू भाषांत दशक आधी आणि एकक नंतर अशीच रीत आहे. नॉर्वेच्या लोकांची रीत आपल्यासारखी उलटी होती. १९५१ साली त्यांनी ती सरकारी निर्णयाने बदलली. तेथे जुनी रीत बोलण्यात अजून पुष्कळ टिकून आहे आणि नॉर्वेजियन भाषा काही बुडालेली नाही. गंमत अशी की, आमच्या उपनगरांत या प्रकरणी सर्वांत मोठा गळा काढणाऱ्यांपैकी बहुतेकांची मुले इंग्रजी माध्यमात होती आणि ती घरी 'ट्वेंटी फाइव्ह', म्हणजे 'वीस पाच', असेच म्हणत होती!

परंतु आमचा रोख वेगळ्याच ठिकाणी आहे. पंचवीस म्हणावे की वीस पाच, हा प्रश्न आम्हांस दुय्यम वाटतो. मराठी संख्यानामांच्या या कैवाऱ्यांपैकी कितींनी आपल्या नातवंडांना 'एकोणतीस' या शब्दाचा अर्थ सांगितला होता? तिसाला एक उणा, म्हणून एकोणतीस. शब्दातच वजाबाकी दडलेली आहे. एकोणचाळीस, एकोणपन्नास अशी ही रांग एकोणनव्वदपर्यंत जाते आणि नव्याण्णवापाशी मोडते. ती तेथे का मोडत असेल, एवढा एक प्रश्न वर्गात विचारला तरी मुले तासभर विचार करतील. हे वैभव घरात असून आम्ही ते उघडून पाहिले नाही. आम्हांला शब्दाचा अभिमान होता, अर्थाशी देणेघेणे नव्हते. आमच्या मते गणिताच्या शिक्षणाचा खरा रोग हाच आहे, आणि तो आमच्या कॅथलिक शाळांतही पुरता मुरलेला आहे.

एक प्रसंग सांगतो. उपनगरातील एका धर्मग्रामाच्या शाळेचे व्यवस्थापन आमच्याकडे होते. एके दिवशी फेरी मारताना तिसरीच्या वर्गाच्या दारात उभे राहिलो. फळ्यावर २७ अधिक १८ अशी बेरीज होती. बाई म्हणाल्या, "सात आणि आठ पंधरा, पाच खाली, हातचा एक." पुढच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, हातचा कोठून आला? तुमच्या हातात तर काहीच नाही." वर्ग खो खो हसला. बाईंनी ओशाळून आमच्याकडे पाहिले. अभ्यासक्रम मागे पडला होता, घटक चाचणी तोंडावर होती. आम्ही म्हणालो, "पुढे चला, बाई." बाई पुढे गेल्या. मुलगी खाली बसली.

चाचणीत तिने २७ आणि १८ यांची बेरीज ३१५ लिहिली. दोन आणि एक तीन, सात आणि आठ पंधरा. शेजारी शेजारी मांडले की झाले तीनशे पंधरा! तिला हातच्याची क्रिया शिकवली होती. हातचा एक म्हणजे पंधरातले दहा सुट्टे बांधून केलेला एक दशक, हे शिकवले नव्हते. आणि पंचवीस-तिसाच्या आतल्या दोन संख्या मिळून तीनशेच्या वर कशा जातील, ही शंकाही तिला कागदावर आली नाही. त्याच मुलीची आई चर्चच्या फाटकाजवळ भाजी विकायला बसे. एका संध्याकाळी आम्ही सत्तावीस रुपयांची भेंडी आणि अठरा रुपयांचे टोमॅटो घेतले. आईच्या आधी लेकच म्हणाली, "पंचेचाळीस, फादर." कसे केलेस, असे विचारल्यावर उत्तर आले, "अठरातले तीन तिकडे दिले की तीस झाले. उरले पंधरा."

वाचकहो, यापेक्षा सुंदर गणित कोणते? घाटकोपरहून फार दूर नसलेल्या मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथील संशोधकांनी धारावीतील घरगुती उद्योगांत वावरणाऱ्या शाळकरी मुलांच्या व्यवहारातील गणिताचा बारकाईने अभ्यास केला आहे. काम करता करता अशी मुले मोजमापाचे, हिशेबाचे, प्रमाणाचे पुष्कळ ज्ञान मिळवतात. शाळेला मात्र त्याची गंधवार्ता नसते. आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर जी मुलगी विचार करत होती, तिला आत येताच तो बंद करावा लागत होता. दहावीला ती गणितात अनुत्तीर्ण झाली. शिकवणीला पैसे नव्हते. ती मुलगी 'ढ' होती, असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, आमच्या पिढीने पाढे आणि पावकी-निमकी घोकली, आमचे काय वाईट झाले? आम्ही पाठांतराचे वैरी नाही. पाढे तोंडपाठ हवेतच. परंतु आपल्याच जपमाळेकडे पाहा. दहा-दहा मण्यांचे पाच संच. तेच शब्द पुन्हा पुन्हा. पोप सहावे पॉल यांनी १९७४ साली बजावले की, रहस्यांचे चिंतन नसेल तर ही प्रार्थना प्राण नसलेल्या देहासारखी होते. म्हणजे दोष पुनरुच्चाराचा नव्हे, चिंतन हरवण्याचा. पाढ्यांचेही तसेच आहे. सात आठे छप्पन्न पाठ असावे, आणि विसरल्यास सात साते एकोणपन्नासात सात मिळवून ते पुन्हा उभे करता यावे. 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हे सूत्र राजकारणात बिनकारणाचे चालते. समीकरणात त्याला कारण द्यावे लागते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. पट मोठा, तासिका पस्तीस मिनिटांची, वर निवडणुकीची आणि जनगणनेची कामे. 'का' समजावायला वेळ कोठे? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर शिक्षकांनी नव्हे, आम्ही व्यवस्थापकांनी द्यायचे आहे. त्या दिवशी 'पुढे चला' असे बाई म्हणाल्या नव्हत्या, आम्ही म्हणालो होतो. प्रवेशद्वारावर शंभर टक्के निकालाचे फलक आम्ही लावतो. तो आकडा बिघडू नये म्हणून कच्च्या मुलांना नववीतच दुसरी वाट दाखवण्याचे प्रकार कोठे कोठे घडतात, तेव्हा मौन आम्हीच पाळतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टीऐवजी आकलनावर भर दिला, म्हणून आम्ही समारंभपूर्वक टाळ्या वाजवल्या. पण प्रश्नपत्रिका? ती होती तशीच राहिली.

ख्रिस्तसभेला हे धैर्य नवे नाही. आमच्या आज्या-पणज्या लॅटिन मिस्साची उत्तरे अर्थ न कळता म्हणत. त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. तरीही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान जाहीर करून लोकभाषेला वेदीपाशी जागा दिली. कारण भाविकांनी समजून-उमजून सहभागी व्हावे, असे तिला वाटले. शेकडो वर्षांची परंपरा असलेल्या वेदीपाशी जर अर्थाला मान मिळू शकतो, तर तिसरीच्या फळ्यापाशी का मिळू नये?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली ते चौथीच्या वर्गांत काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे मुलांच्या हाती द्यावेत आणि हातचा त्यांना स्वतः बांधू द्यावा. प्रत्येक गणिताच्या प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न 'का?' असा असावा, आणि उत्तर चुकले तरी विचाराला गुण मिळावेत. धर्मग्रामांची सभागृहे आठवडाभर रिकामी असतात. महिन्यातून एका शनिवारी ती गणिताच्या शिक्षकांना एकत्र बसण्यासाठी द्यावीत आणि त्या दिवसाची रजा भरपगारी असावी. शंभर टक्क्यांचे फलक उतरवावेत.

धन्याने सेवकांवर द्रव्य सोपवल्याचा प्रभू येशूचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. पाचावर पाच मिळवणारा आणि दोनावर दोन मिळवणारा, दोघांची शाबासकी शब्दशः एकच आहे. वाढ निराळी, प्रमाण एक. दोघांनीही मिळालेले दुप्पट केले. हे प्रमाण न समजणाऱ्याला धनी पक्षपाती वाटेल. तिसऱ्या सेवकाने मात्र काहीच गमावले नव्हते. जसे मिळाले तसे जमिनीत पुरले आणि मागताच जसेच्या तसे परत केले. आमच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. त्याच्या धन्याने त्याला काय म्हटले, ते आपणांस ठाऊक आहे.

त्या मुलीचा प्रश्न अजून उभाच आहे. तिला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. आज तिसरीत असलेल्या मुलांना तरी 'पुढे चला' हे उत्तर मिळू नये.