ढाल की हत्यार?

जून १९४० मध्ये फ्रान्सचा पराभव झाला आणि मार्शल पेतां यांच्या नेतृत्वाखाली व्हिशी येथे नवी राजवट उभी राहिली. युद्ध संपल्यावर तिच्या समर्थकांनी एक युक्तिवाद दीर्घकाळ चालविला : व्हिशी ही फ्रेंच जनतेची ढाल होती, ज्यूंवर जे अत्याचार झाले ते जर्मनांच्या सक्तीमुळे झाले. कागदपत्रांच्या कसोटीवर हा युक्तिवाद टिकत नाही.

३ ऑक्टोबर १९४० च्या कायद्याने व्हिशी सरकारने ज्यू कोणास म्हणावे हे आजी-आजोबांच्या वंशावरून ठरविले आणि शासकीय अधिकारपदे, अध्यापन, वृत्तपत्रे व चित्रपट ही क्षेत्रे ज्यूंना बंद केली. हा कायदा जर्मन आदेशावाचून, स्वयंप्रेरणेने झाला, हे अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन यांनी १९७२ साली जर्मन दप्तरांच्या आधारे दाखवून दिले.

त्याच महिन्यात पॅरिस परिसरातील सुमारे दीड लाख ज्यूंची नोंद झाली. आदेश जर्मनांचा होता. नोंदपत्रे मात्र फ्रेंच पोलीस कचेरीने सिद्ध केली. बहुसंख्य ज्यू स्वतः होऊन नोंदणीस गेले, कारण कायदा पाळणे हे नागरिकाचे कर्तव्य होय, हीच त्यांची शिकवण होती. १६ व १७ जुलै १९४२ रोजी याच पत्रांवरून नावे काढून फ्रेंच पोलिसांनी सुमारे १३,००० ज्यूंना पकडले. त्यांत ४,००० हून अधिक मुले होती. जर्मनांनी मुळात सोळा वर्षांखालील मुलांची मागणी केलीच नव्हती. तीही न्यावीत, असे सरकारप्रमुख लाव्हाल यांनी सुचविले. मुलांना आयांपासून तोडण्यात आले आणि मागाहून आउश्वित्झला धाडण्यात आले.

फ्रान्समधील सुमारे तीन-चतुर्थांश ज्यू वाचले, याकडे समर्थक बोट दाखवितात. आकडा खरा आहे; श्रेय मात्र चुकीच्या पदरी पडते. शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी, धर्मोपदेशकांनी व खुद्द ज्यू संघटनांनी माणसे लपविली, म्हणून ती वाचली. ऑगस्ट १९४२ मध्ये तुलूझचे आर्चबिशप सालिएज यांनी आपल्या प्रांतातील चर्चमधून जाहीर निषेध वाचविला. अन्य काही धर्मगुरूंनीही आवाज उठविताच लाव्हाल यांना जर्मनांपुढे अडचणी सांगाव्या लागल्या. याचा अर्थ उघड आहे. नकाराला वाव होता. शासनाने तो वापरला नाही. फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यू नेले गेले. परतले ते सुमारे अडीच हजार.

फ्रेंच राज्याच्या या अपराधाची जाहीर कबुली राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी दिली ती १९९५ साली. त्या विलंबाचे कारणही सक्तीच्या बचावातच शोधावे लागते. क्रूरकर्म्याला दोष देणे सोपे असते. परंतु ज्याने केवळ नोंद केली, सही केली, दार ठोठावले, त्याचा हिशेब मांडल्यावाचून इतिहासाचा न्याय पुरा होत नाही.