याचा उपयोग काय, म्हणे!

खानदेशात वस्तू दिसली की माणूस आधी तिचा भाव विचारतो. यात वाईट काही नाही. सकाळी सोन्याचा, दुपारी केळीचा आणि दिवाळीच्या सुमाराला कापसाचा भाव ज्याला तोंडपाठ नाही, अशा मुलाला जळगावात मुलगी देताना लोक दहा वेळा विचार करतात. पण ज्या वस्तूला भावच नाही, तिच्यापुढे आमचा माणूस गांगरतो. मग तो ठेवणीतला दुसरा प्रश्न बाहेर काढतो, "याना उपेग काय शे, भो?"

ही झाली अहिराणी. शुद्ध मराठीत हाच प्रश्न "याचा उपयोग काय?" असा विचारतात, आणि शुद्ध मराठीत तो जास्त लागतो. २०२० सालच्या मार्चअखेरीपासून हा प्रश्न मला दोन्ही भाषांत, फोनवर, व्हिडिओ कॉलवर, समोरच्या गॅलरीतून आणि मागच्या स्वयंपाकघरातून इतक्या वेळा विचारला गेला आहे, की एकदाचं छापील उत्तर देऊन टाकावं म्हणतो.

तर मी शिपाई रंगवतो. धातूचे. आमचा पुतण्या इंग्लंडात असतो. २०१९ च्या दिवाळीला येताना तो चॉकलेटांऐवजी एक जड डबा घेऊन आला. आत शिशा-कथलाची ही करडी माणसं. उंची पायापासून डोळ्यापर्यंत २८ मिलिमीटर. डोळ्यापर्यंतच का, तर वर पागोटं किती चढेल याचा भरवसा नाही. तिकडे हा चांगल्या मिशीवाल्या माणसांचा छंद आहे. फौजा रंगवायच्या, टेबलावर डोंगर-नद्या मांडायच्या, टेपने इंच मोजून पलटणी हलवायच्या आणि फासे टाकून लढाईचा निकाल लावायचा. १८२४ साली प्रशियाच्या लष्कराने असला खेळ आपल्या अधिकाऱ्यांना शिकवायला घेतला. पुढे एच. जी. वेल्ससारख्या मोठ्या लेखकाने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून त्याचे घरगुती नियम केले. लाकडी गोळी उडवणारी खेळण्यातली तोफ घेऊन हा जगप्रसिद्ध गृहस्थ जमिनीवर पालथा पडून नेम धरत असे. आणि त्याच पुस्तकात त्याने बजावून ठेवलंय की खऱ्या लढाईपेक्षा ही लुटुपुटीची लढाई कितीतरी शहाणपणाची. पुढच्याच वर्षी युरोपातल्या उपयुक्त माणसांनी खरी सुरू केली.

डब्यात लढाई होती ती असईची. २३ सप्टेंबर १८०३. असई म्हणजे काही विलायतेत नव्हे. इथून अजिंठ्याचा घाट चढला की पलीकडे भोकरदनच्या बाजूला, कैलना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं खेडं. वेलस्लीने, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनने, तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर हल्ला केला, जिंकला, आणि जिंकताना त्याची सुमारे दीड हजार माणसं मेली नाहीतर जखमी झाली. जखमींचं इस्पितळ त्याने अजिंठ्याला थाटलं. आपण लेणी बघायला जाताना ज्या गावात चहा प्यायला थांबतो, तेच हे. चहा पिताना हे कुणी सांगत नाही, कारण त्याचा उपयोग नसतो.

डबा कपाटावर पडून होता. २२ मार्चला थाळ्या वाजल्या, २५ मार्चपासून टाळेबंदी लागली, आणि मी तो खाली काढला.

आता त्या दिवसांत बाकीची उपयुक्त माणसं काय करत होती, तेही पाहू. धुळ्याला देवपुरात आमचे साडू असतात. बँकेतून निवृत्त, स्वभाव अजून चालू खात्यासारखा. त्यांनी वेबिनारांचा सपाटा लावला. 'संकटातून संधी', 'घरबसल्या व्यक्तिमत्त्व विकास', 'मधमाशीपालन : एक दृष्टिक्षेप'. प्रत्येकाचं ई-प्रमाणपत्र. जूनपर्यंत सत्तावीस झाली. देवपुरातल्या दुसऱ्या मजल्यावर मधमाशी कुठे पाळणार, असं मी विचारलं नाही. समोरच्या गॅलरीतल्या वहिनींनी कॉफी फेटून फेटून तिचा फेस केला, फोटो काढला, आणि मग सगळ्यांसाठी नेहमीचा चहा टाकला. सोसायटीतला एक तरुण रोज सकाळी गच्चीवर दहा हजार पावलं चालायचा, गच्ची चाळीस पावलांची. यांपैकी एकालाही कुणी उपयोग विचारला नाही. विचारलं मला! कारण माझ्या हातात कुंचला होता, आणि कुंचल्यापुढे जे होतं ते लहान मुलाचं दिसत होतं.

साडू म्हणाले, "विकणार आहात का?"

"नाही."

"मग प्रदर्शन?"

"नाही हो."

"नातवासाठी?"

"नातवाला हात लावू देत नाही मी."

फोनवर पलीकडे बराच वेळ शांतता. बँकेत थकीत कर्जदाराच्या घरी गेल्यावर जशी पाळत असतील तशी.

वाचकहो, एक शिपाई रंगवायला काय लागतं, ते एकदा ऐकून घ्या. आधी त्याला साबणाच्या पाण्याने आंघोळ. मग औषधाच्या बाटलीच्या बुचावर डिंकाने उभा करायचा, म्हणजे हातात बूच धरता येतं, माणसाला बोट लागत नाही. मग काळा अस्तराचा रंग. तो वाळला की खालून वर यायचं : आधी कातडी, मग कपडे, मग पट्टे, बटणं आणि शेवटी बंदूक. एक पातळ तपकिरी पाणी करायचं, ते घड्यांतून आपोआप उतरतं आणि सपाट धातूला सुरकुत्या येतात. मग जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवायचा. डोळ्याला तीन शून्यांचा कुंचला. माझ्या डोळ्याला सराफाचं भिंग. सुवर्णनगरीत राहण्याचा मला झालेला हा एकमेव फायदा. हे सगळं करताना श्वास रोखावा लागतो. एका शिपायाला अडीच तास. डब्यात एकशेवीस होते. एप्रिलमध्ये लाल रंग संपला. रंगाचं दुकान अत्यावश्यक सेवेत बसत नव्हतं, तेव्हा पुढची अर्धी पलटण सौभाग्यवतींच्या नेलपॉलिशवर उभी राहिली. धातूवर ते सुरेख बसतं. तिचं म्हणणं मात्र असं, की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या नखांकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीत.

आणि इथे गंमत आहे. तुम्ही कुंचला बुडवून शिपायासमोर धरलात की तो शिपाई तुम्हाला प्रश्न विचारायला लागतो. माझ्या कोटाचा रंग कुठला? पायात जोडा की अनवाणी? पगार कोण देतो? या उंचीला भाषण करता येत नाही, घोषणा देता येत नाही. उत्तरच द्यावं लागतं.

मी उत्तर शोधलं आणि आमच्या सोसायटीत खरीखुरी लढाई पेटली.

शिंद्यांचं पायदळ म्हणजे ढाल-तलवारीचे मावळे नव्हेत. महादजींनी द बॉयन नावाच्या सेनानीकडून कवायती कंपू उभारले. असईला त्यातल्या एका मोठ्या तुकडीचा प्रमुख होता पोलमन, हॅनोव्हरचा जर्मन. शिपाई कवायती, बंदूक-संगिनीवाले, आणि अंगात कंपनीच्या शिपायांसारखाच लाल कोट. मी तो तसा रंगवला आणि फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचे इतिहासप्रेमी गॅलरीत आले.

"आपले शिपाई इंग्रजांच्या कपड्यात? शोभतं का हे?"

मी म्हटलं, "शिंद्यांनीच घातलेत, मी नाही."

"तुम्ही भगवे करा हो! कोण बघायला येतंय?"

पाहा म्हणजे! हे गृहस्थ रोज पहाटे साडेपाचला ग्रुपवर इतिहास टाकतात. त्यात एकेक वीर एकटा हजार-हजार कापतो, घोडा पाण्यावरून चालतो, आणि शेवटी 'खरा मराठा असाल तर अकरा जणांना पाठवा.' हा पोक्तपणा. आणि मी एका माणसाच्या बाहीचा रंग काय होता हे तीन दिवस शोधत बसतो, हा पोरखेळ! माझं उघड म्हणणं आहे : बाहुल्यांशी ते खेळतात, मी नाही. बाहुलीला आपण हवा तो रंग देतो. शिपायाला त्याचा द्यावा लागतो.

आणि नुसत्या भगव्या रंगाने त्या दिवशीची खरी मर्दुमकी झाकली जाते, त्याचं काय? असईला शिंदे आणि भोसले हे दोन्ही धनी लवकरच निघून गेले. उभा राहिला तो तोफखाना. गोलंदाज तोफा सोडेनात. शत्रू अंगावरून पुढे गेला तेव्हा काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, आणि मग उठून तोफा फिरवून त्याच्या पाठीवर डागल्या. हे शत्रूने लिहून ठेवलंय. आमच्या नातवाला गोलंदाज म्हटलं की बुमरा आठवतो. मी त्याला सांगितलं की हा मूळचा शब्द यांचा. तेव्हापासून तो त्या सहा जणांना लांबून सलाम करतो. हात लावायची परवानगी अजून नाही.

धुळ्याच्या माणसाने तर मला उपयोग विचारूच नये. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे जन्मभर लोकांच्या माळ्यांवरून, वाळवी लागलेल्या दप्तरांतून कागद गोळा करत हिंडले. त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा, एकूण खंड निघाले बावीस. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच गेले, आणि दुसऱ्याच महिन्यात धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं, ते आजही उभं आहे. त्या कागदांचा भाव तेव्हा रद्दीच्या दुकानात ठरत होता. 'उपयोग काय' असं राजवाड्यांना विचारायची कुणाची छाती झाली असती, असं त्यांच्या रागाच्या ज्या गोष्टी ऐकतो त्यावरून वाटत नाही.

आणि आमच्या जिल्ह्याचं सांगायचं तर टाळेबंदीचे आद्य आचार्य चाळीसगावचे. केकी मूस. स्टेशनजवळच्या आपल्या घरात या पारशी कलावंताने जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेतलं, १९८९ मध्ये ते वारले तेव्हाच म्हणायचं दार उघडलं. सरकारने सांगितलं नव्हतं, रोगाची साथ नव्हती. आत बसून त्यांनी काय केलं? टेबलावर चिमुकले देखावे मांडून त्यांचे असे फोटो काढले की पाहणाऱ्याला खरा मुलूख वाटावा. 'टेबलटॉप फोटोग्राफी' म्हणतात त्याला. जगभरची बक्षिसं आली. आज लोक चाळीसगावला ते घर मुद्दाम बघायला जातात आणि येताना अभिमानाने सांगतात. मी जेवणाच्या टेबलावर चार महिने तेच केलं, तर "आज तरी ताटं मांडू द्याल का?"

शिवाय रंगवलेली माती आम्हाला परकी आहे का? पोळ्याला आपण मातीच्या बैलाची शिंगं रंगवतो. भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई बसते, भुलोजी शेजारी, आणि कोजागरीपर्यंत पोरी गाणी म्हणतात, डबा वाजवून खाऊ ओळखायला लावतात. तिथे कुणी उपयोग विचारत नाही. वय बारा ओलांडलं, मिशी आली, की विचारतात.

मे महिन्यात एका रात्री साडूंचा फोन आला. मला वाटलं अठ्ठाविसावं प्रमाणपत्र. पण आवाज वेगळा होता. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून जातो हे तुम्हाला माहीत आहेच. त्या रस्त्याने त्या दिवसांत मुंबई-नाशिककडून माणसं चालत येत होती, शिरपूर ओलांडून पुढे सेंधव्याच्या हद्दीकडे. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. साडू आणि शेजारचे चार जण रोज संध्याकाळी खिचडीची पातेली घेऊन हायवेवर उभे राहत होते. हे त्यांनी आठ दिवस मला सांगितलंही नव्हतं.

म्हणाले, "तुमच्या त्या डब्यात असे लोक असतात का हो? सामान घेऊन नुसते चालणारे?"

मी भिंग लावून डबा पुन्हा पाहिला. घोडेस्वार होते, पायदळ होतं, तोफा होत्या, हत्ती एक. बोचकं एकाच्याही डोक्यावर नव्हतं. आणि खरी फौज तर त्यांच्याचवर चाले. हजारो बैलांवर धान्य लादून बंजाऱ्यांचे तांडे छावण्यांना पुरवठा करत. वेलस्लीच्या पत्रांत या बिंजाऱ्यांचं नाव पुन्हा पुन्हा येतं, कारण ते आले नाहीत तर लढाई कसली, भाकरीच नाही. पानिपतला निघालेले भाऊसाहेबही आपल्या बऱ्हाणपूरवरूनच वर गेले, आणि त्यांच्यामागे न लढणाऱ्यांचा केवढा समुदाय होता, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. विलायती कारखान्याने ते पाठवले नाहीत. त्यांना मागणी नसणार. भाव नाही.

तेव्हा मी एम-सील मळलं आणि तारेवर माणसं केली. आधी एक बाई, मग दोन पोरं, मग खांद्यावर आडवी काठी घेतलेला म्हातारा. रंग फारसे लागले नाहीत, धूळ बरीच लागली. ती खालच्या पार्किंगमधूनच आणली आणि डिंकावर भुरभुरवली. फोटो साडूंना पाठवला. ते म्हणाले, "बाईच्या हातात चप्पल दाखवा. तुटलेली होती, तरी टाकली नव्हती तिने." मी दाखवली. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी झाली, आणि तिला अख्खी एक संध्याकाळ गेली.

ग्रुपवर हा फोटो टाकल्यावर तिसऱ्या मजल्यावरून विचारणा झाली, "हे कुठल्या बाजूचे?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. बैल व्हायचेत. बंजाऱ्यांच्या एका तांड्याला निदान चाळीस तरी हवेत, नाहीतर तांडा दिसत नाही, आणि साडूंचं म्हणणं असं की शिंगं सगळ्यांची वेगवेगळी करा, एका साच्यातली नकोत. बारा झालेत. बाकीच्यांसाठी जेवणाचं टेबल पुढच्या पोळ्यापर्यंत लागेल, हे घरात अजून सांगायचंय.