रामन यांच्या फोटोला हार आणि यंत्रावर कापड

२८ फेब्रुवारी आला की आपल्याकडे विज्ञान दिनाचं वारं संचारतं. रांगोळी, निबंध स्पर्धा, प्रमुख पाहुणे, सर सी. व्ही. रामन यांच्या फोटोला हार. १ मार्चला सगळं सामसूम. आज स्पष्टच लिहितो, कुणाला राग आला तरी चालेल. ज्या शोधासाठी आपण हार घालतो, तो शोध वापरायची आपली तयारीच नाही.

आधी शोध काय ते बघू. १९२८ साली कोलकात्यात रामन आणि के. एस. कृष्णन यांनी दाखवलं, की पदार्थावरून विखुरणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो, आणि त्या बदलावरून आतला रेणू ओळखता येतो. रेणूच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना. अडचण एकच, ठसा फार फिका. कोटीभर प्रकाशकणांत असा जेमतेम एखादा. १९६० साली लेसर आला आणि काम सोपं झालं, पण एखाद्या पृष्ठभागावर चिकटलेला रेणूंचा एकच थर बघणं तरीही जवळपास अशक्यच होतं.

१९७४ साली इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला खडबडीत केलेल्या चांदीवर पिरिडिन नावाच्या रसायनाचा ठसा अचानक ठळक दिसला. १९७७ साली दोन गटांनी हिशेब मांडला, की चांदीमुळे संकेत लाख ते दहा लाख पट वाढतो. इथून पृष्ठभागावरचे रेणू वाचायचं नवं दार उघडलं.

आता नाशिककरांनो, २०१० साल आठवा. सीसीसीचा अंश सापडला म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली. बागायतदारांचं कंबरडं मोडलं. त्याच २०१० साली चीनमधल्या शियामेन विद्यापीठाच्या गटाने 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला. सोन्याच्या सूक्ष्म कणांवर सिलिकाचा पातळ थर चढवला, ते कण संत्र्याच्या सालीवर पसरले, वर लेसर मारला आणि सालीवरच्या कीटकनाशकाचा ठसा वाचला. मूळ तत्त्व कुणाचं? रामन यांचं. काम कुणी केलं? चीनने.

हे यंत्र असतं तर आपले कंटेनर वाचले असते, असं मी म्हणणार नाही. सीसीसी वेलीतून आत भिनतं, सालीवर बसून राहत नाही. निर्यातीला लागणारा अधिकृत रिपोर्ट आजही मोठ्या लॅबमधल्या मास स्पेक्ट्रोमीटरवरच होतो, आणि तो तसाच व्हायला हवा. हातात धरायच्या यंत्राचा आकडा माल कसा धरला, कण कसे पडले यावर बदलतो. त्यामुळे 'एक बटण दाबा, विष ओळखा' म्हणत कुणी यंत्र विकायला आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. पण कोणता माल संशयास्पद आहे, कोणता आधी लॅबला धाडायचा, ही पहिली चाळणी बांधावर होऊ शकते. त्यासाठी आपल्या फवारण्या, आपल्या जाती, आपलं ऊन-पाऊस यांवर वर्षानुवर्षं मोजमाप लागतं. ते शियामेनचे लोक येऊन करणार आहेत का?

काही जण म्हणतात, "रेणूंचा एक थर बघून शेतकऱ्याला काय मिळणार?" भाऊ, फवारणीत स्टिकर का घालता? पान मेणचट असतं, थेंब घरंगळतो. स्टिकरचे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर रांग लावतात, तेव्हा थेंब पसरतो. ही रांग मोजता येते. १९८०च्या दशकात बर्कलीत शेन यांच्या गटाने ती पद्धत उभी केली. एक इन्फ्रारेड आणि एक दृश्य असे दोन लेसर एकाच जागी पाडायचे. दोघांच्या बेरजेचा नवा प्रकाश निघतो तो फक्त वरच्या थरातून, आतलं पाणी गप्प राहतं. लोखंडाचा गंज, साबणाचा फेस, कारखान्यातले उत्प्रेरक, सगळा कारभार असाच पृष्ठभागावर चालतो. आणि आपण म्हणायचं, उपयोग काय!

आता पैशांचं. २०२०-२१ साली देशाने संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च केले. चीनचा आकडा तेव्हा २.४ च्या आसपास होता. वर जुलै २०२२ मध्ये सरकारी संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची ५ टक्के जीएसटीची सवलत काढली आणि १८ टक्के लागू केले. एक कोटीच्या यंत्रामागे १३ लाख जास्त. म्हणजे एका खिशातून अनुदान द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं.

दोष फक्त दिल्लीचा नाही. मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. एका कॉलेजात अनुदानातून आलेला स्पेक्ट्रोमीटर मी कापडाखाली झाकलेला पाहिलाय. लेसर बंद पडला, देखभालीच्या कराराला पैसे नाहीत, चालवणाऱ्याची जागा भरलेली नाही. उद्घाटनाच्या कोनशिलेला मात्र पैसे होते!

म्हणून मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक पैशाच्या संशोधन उपकरणांवर व्यापारी मालासारखा कर नको. यंत्र मंजूर करतानाच दहा वर्षांची देखभाल आणि कायम तंत्रज्ञ मंजूर करा. आणि जिल्ह्यातली अशी यंत्रं ठरलेल्या दिवशी, माफक फीमध्ये शेतकऱ्यांना आणि लघुउद्योगांना खुली करा.

पुढच्या विज्ञान दिनाला पाहुणे भाषणाला उभे राहिले, की एकच प्रश्न विचारा, "साहेब, तुमच्या संस्थेतलं यंत्र चालू आहे का?" उत्तर 'हो' असेल तर टाळ्या वाजवा, नसेल तर हार परत आणा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर मुद्द्यावर भांडा, मी इथेच आहे.