डेटाबेस जुना झाला, तरी वर्डप्रेस तो का चालवून घेतं?

वर्डप्रेस आणि जँगो ही दोन्ही वेबसाइट बनवण्याची मोफत सॉफ्टवेअर. वेबसाइटचा मजकूर, युजरची माहिती डेटाबेसमध्ये साठते. पण जुन्या डेटाबेसला सपोर्ट किती काळ द्यायचा, याबाबत दोघांचं धोरण वेगळं आहे.

जँगोचं गणित काय?
पोस्टग्रेस डेटाबेसच्या प्रत्येक मोठ्या व्हर्जनला ५ वर्षं अपडेट मिळतात. मुदत संपत आली की जँगो नव्या आवृत्तीत त्याचा सपोर्ट काढतं. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या जँगो ५.२ मधून पोस्टग्रेस १३ वगळलं गेलं.

वर्डप्रेस काय करतं?
एप्रिल २०२४ मध्ये वर्डप्रेसने किमान अट मायएसक्यूएल ५.० वरून ५.५.५ वर नेली. खरं तर ५.५ चे अपडेट २०१८ मध्येच थांबले होते.

असं का?
जँगो प्रोग्रामर वापरतात. वर्डप्रेसवर शाळा, दुकानदारही वेबसाइट चालवतात. त्यांचा डेटाबेस होस्टिंग कंपनीच्या हातात असतो. अट एकदम कडक केली, तर त्यांना वर्डप्रेसची नवी आवृत्तीच घेता येणार नाही.

पण वर्डप्रेस चालतंय म्हणून डेटाबेस सुरक्षित आहे, असं समजू नका. तुमचं व्हर्जन डॅशबोर्डवरच्या 'साइट हेल्थ'मध्ये दिसतं. ते जुनं असेल, तर होस्टिंग कंपनीकडे अपग्रेड मागा.