कागदावर खुले, हाताला बंद

चवदार तळे १९२७ च्या आधीच कागदावर खुले झाले होते. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. तरी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. ठराव आणि ओंजळ यांच्यात किती अंतर असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मला हे आठवले एका मुलीमुळे. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला, घराण्यातली पहिली. सिकलसेलवर सेमिनार द्यायचा होता. कॉलेजच्या ग्रंथालयाच्या वेबसाइटवर ‘रेफरन्स सर्व्हिस’ आहे, म्हणजे ग्रंथपालांना ऑनलाइन प्रश्न विचारायची सोय. तीन वर्षांत तिला ती सापडलीच नव्हती. चार मेनूंच्या आत लपलेला फॉर्म, मोबाइलवर अर्धाच दिसतो. होस्टेलवरून लॉगिन होत नाही. उत्तर मिळणार दहा ते पाच, तेव्हा ही वॉर्डात. ती म्हणाली, “दादा, मला वाटलं मलाच जमत नाही.”

सवाल इथेच आहे. ज्याचे आईवडील डॉक्टर आहेत, तो जेवताना विचारून घेतो. आपल्या मुलांनी कोणाला विचारायचे? त्यांच्यासाठी ग्रंथपाल हाच घरातला जाणता माणूस. त्याच्यापर्यंतची वाट बिकट केली, की नुकसान सगळ्यांचे सारखे होत नाही.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केले. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, सरकारी संस्थांना सुमारे १३,००० ई-जर्नल्स. स्वागतच आहे. अमेरिकेचे पबमेड तर जगाला मोफत आहे. पण हजारो लेखांतून आपल्या कामाचे चार कसे निवडायचे, हे सांगणारा माणूस त्या रकमेत येत नाही.

कोणी म्हणेल, आता एआय आहे, ग्रंथपाल कशाला? एआय अस्तित्वातच नसलेले संदर्भ बिनदिक्कत देतो. ते ओळखायला आधीच जाणकार असावे लागते. औषधाच्या मात्रेचा प्रश्न असेल, तर ती चूक रुग्णाच्या अंगावर येते. आणि सरकारी दवाखान्यातला तो रुग्ण बहुतेकदा आपलाच असतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पहिल्याच पानावर ‘ग्रंथपालांना विचारा’ असे सरळ शब्दांत लिहा. मोबाइलवर चालवून बघा. होस्टेलवरून लॉगिन द्या. संध्याकाळची वेळ ठेवा. मराठीत प्रश्न विचारू द्या, नाव न देताही विचारू द्या. ‘एवढंही येत नाही?’ या नजरेला आपली मुले फार भितात. आणि वेबसाइट तपासायला तज्ज्ञांची समिती नको, पहिल्या पिढीचे पाच विद्यार्थी बसवा. ते जिथे अडतील, तिथे दुरुस्ती करा.

वैद्यकीय कॉलेजात शिकणाऱ्या मित्रांनो, आज आपल्या ग्रंथालयाची वेबसाइट उघडा आणि एक प्रश्न विचारून पाहा. उत्तर आले नाही, तर लेखी तक्रार द्या, एकट्याने नको, पाच-दहा जणांच्या सह्यांनी. आणि लक्षात ठेवा, सोय सापडली नाही यात कमीपणा तुमचा नाही.

जय भीम!