घरच्या खाटेचा खर्च कोणाचा?

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात डिस्चार्ज कार्ड हातात पडले की नातेवाइकांच्या चेहऱ्यावर आधी समाधान दिसते आणि थोड्याच वेळात काळजी. पक्षाघाताचा झटका आलेला सत्तरीतला रुग्ण वाचलेला असतो, रक्तदाबही आटोक्यात आलेला असतो. पण उजवी बाजू हलत नाही. गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी घातलेली असते, लघवीसाठी दुसरी नळी असते. ‘आता घरी न्या, इथे करण्यासारखे काही उरलेले नाही,’ असे सांगितले जाते. घरी मात्र करण्यासारखे पुष्कळ असते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून वेळेवर पातळ आहार द्यायचा, पाठीवर लाली दिसते का ते पाहायचे, नळ्या वेळच्या वेळी बदलून घ्यायच्या, रोज व्यायाम करून घ्यायचा. हे कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे कार्डावर कुठेही लिहिलेले नसते.

आपल्याकडे घरच्या शुश्रूषेची पात्रता रुग्णाच्या गरजेवरून ठरत नाही, ती रुग्णालयाच्या खाटेवरून ठरते. रुग्ण खाटेवर आहे तोवर सरकारी योजना, विमा, नोकरीच्या ठिकाणची सवलत असे काही ना काही मागे उभे असते. खाट सुटली की आधार सुटतो आणि सगळा भार कुटुंबावर येतो.

आधी विम्याचे पाहू. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींत ‘डोमिसिलियरी हॉस्पिटलायझेशन’ असे एक कलम असते. ते वाचून अनेकांचा समज होतो की घरी नर्स ठेवली तर तिचा खर्च मिळेल. कलमाचा अर्थ वेगळा आहे. ज्या आजारासाठी एरवी रुग्णालयातच दाखल व्हावे लागले असते, तो उपचार घरी घ्यावा लागला, आणि तोही रुग्णाला हलवण्यासारखी स्थिती नव्हती किंवा रुग्णालयात जागा मिळाली नाही म्हणून, तरच हे कलम लागू होते. बऱ्याच पॉलिसींत असा उपचार तीन दिवसांपेक्षा जास्त चाललेला असावा लागतो आणि दमा, मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखे आजार त्यातून वगळलेले असतात. शिवाय अंघोळ घालणे, कपडे बदलणे, उठवणे-बसवणे यासाठी घरी ठेवलेल्या माणसाचा खर्च विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत येतो. थोडक्यात, विमा ‘उपचारा’चे पैसे देतो, ‘सांभाळण्या’चे नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत सांभाळणे हाच उपचार असतो, ही गोष्ट पॉलिसीच्या भाषेत बसत नाही.

तरीही काही वाटा आहेत आणि त्या माहीत नसल्यामुळे लोक हक्काचे पैसे सोडून देतात. रुग्णालयात भरती झाल्यानंतरचा काही काळ पॉलिसीत धरलेला असतो. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत हा काळ सुटीनंतर ६० दिवसांचा आहे, इतर पॉलिसींत तो कमी-जास्त असतो. या काळातली औषधे आणि तपासण्या, आणि अनेक पॉलिसींत डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी, त्याच आजाराशी संबंधित असेल तर मागता येते. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर तसा स्पष्ट सल्ला हवा. ‘फिजिओथेरपी करावी’ एवढे मोघम वाक्य पुरत नाही. किती दिवस, दिवसातून किती वेळा आणि कशासाठी, हे लिहून घ्यावे. करोनाच्या काळात, २०२० मध्ये आलेल्या ‘कोरोना कवच’ पॉलिसीत घरच्या उपचाराचा १४ दिवसांपर्यंतचा खर्च मान्य झाला होता. म्हणजे ठरवले तर विम्याला घर दिसते, हे त्या वेळी सिद्ध झाले आहे.

दावा नाकारला गेला तर गप्प बसू नये. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुणे या दोन्ही ठिकाणी लोकपालांची कार्यालये आहेत.

आता सरकारी योजना. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ‘वय वंदना’ कार्ड मिळते. ही मोठी गोष्ट आहे. पण ही योजनाही भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. सुटीनंतरचे १५ दिवस त्यात धरलेले आहेत, त्यापुढची शुश्रूषा त्यात नाही. यातून एक विचित्र हिशेब तयार होतो. पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलणाऱ्या बाईचा पगार कोणी देत नाही. तीच जखम चिघळली, जंतुसंसर्ग रक्तात गेला आणि रुग्ण अतिदक्षता विभागात आला, की योजना खर्च उचलते. टाळता आले असते त्याच आजारावर सरकारचे अनेक पटींनी जास्त पैसे जातात, आणि रुग्णाच्या वाट्याला येतात त्या यातना वेगळ्याच.

घरी जाऊन सेवा देण्याची तरतूद सरकारी कागदावर नाही, असेही नाही. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरी भेट देणे अपेक्षित आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये वृद्धसेवा आणि परिहारक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, यांचा समावेश आहे. या सेवेसाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही आणि पैसेही द्यावे लागत नाहीत. डिस्चार्ज मिळताच जवळच्या उपकेंद्रातील सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा आशा कार्यकर्तीकडे रुग्णाची नोंद करून घ्यावी. जिल्हा रुग्णालयातील पॅलिएटिव्ह केअर विभागाचीही चौकशी करावी. सेवा सगळीकडे सारखी मिळत नाही, हे खरे. पण मागणीच नोंदली गेली नाही, तर ‘गरज नाही’ असाच अर्थ वर काढला जातो.

करसवलतीचा मार्ग तर फार थोड्यांना ठाऊक आहे. पुरेसा काळ आणि उपचार देऊनही पक्षाघाताच्या रुग्णाचे अपंगत्व कायम राहिले, तर सरकारी रुग्णालयातून त्याचे प्रमाणपत्र घेता येते. ते ४० टक्के किंवा जास्त असेल, तर त्याला सांभाळणाऱ्या नातेवाइकाला जुन्या करप्रणालीत ७५ हजार रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची. उपचारांच्या खर्चात शुश्रूषेचा खर्चही या तरतुदीत स्पष्टपणे मान्य केलेला आहे. विमा नसलेल्या ज्येष्ठाच्या वैद्यकीय खर्चासाठी जुन्याच प्रणालीत ५० हजारांपर्यंतची वेगळी वजावट आहे. मात्र तो खर्च रोखीने केलेला नसावा. म्हणून ब्युरोला पैसे देताना बँकेतूनच द्यावेत आणि पावती घ्यावी.

ब्युरोबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. प्रशिक्षित नर्स आणि सांभाळणारी मावशी यांची कामे वेगळी आणि दरही वेगळे. इंजेक्शन, जखमेची मलमपट्टी, नळी बदलणे ही कामे नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या नर्सनेच करावीत. तिचा नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नको. दुसरीकडे, दिवसभर केवळ नळीतून आहार देणे आणि कूस बदलणे एवढेच काम असेल, तर नर्सचा दर मोजण्याची गरज नसते. वॉर्डातून निघण्याआधी घरातल्या दोघांनी ही कामे सिस्टरांकडून हाताने शिकून घेतली, तर खर्चही वाचतो आणि रुग्णही सुरक्षित राहतो. मावशीला दिवसाला ८०० रुपये धरले, तरी महिन्याचे २४ हजार होतात. मध्यमवर्गीय घरालाही हे फार काळ झेपत नाही. मग सून किंवा मुलगी नोकरी सोडते. तिचा बुडालेला पगार कोणत्याही हिशेबात येत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेसाठी स्वतंत्र विमा सुरू केला. तिथे माणसाला स्वतः किती हालचाल करता येते, जेवता-अंघोळ करता येते का, हे तपासून गरजेची पातळी ठरते आणि त्यानुसार मदत मिळते. जर्मनीत तर घरच्या माणसाने सांभाळ केला तर रोख रक्कमही घेता येते. इतके दूर जायचे नसेल तर केरळकडे पाहावे. २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे धोरण आणून त्या राज्याने स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत नर्सला थेट रुग्णाच्या घरी पोहोचवले.

महाराष्ट्राला लगेच करता येण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर घरच्या शुश्रूषेचा रकाना सक्तीचा करावा आणि त्याची एक प्रत उपकेंद्राकडे जावी. सरकारी विमा योजनांच्या पॅकेजमध्ये पक्षाघात, मांडीच्या हाडाचे फ्रॅक्चर आणि कर्करोग यांसाठी सुटीनंतरच्या ठरावीक गृहभेटी धराव्यात. आणि प्रत्येक तालुक्यात किमान एक नर्स केवळ घरभेटींसाठी नेमावी.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. ती संख्या तेव्हापासून वाढतच आहे. रुग्णालये कितीही बांधली तरी आजारपणाचे बहुतेक दिवस घरीच जाणार आहेत. खाट वॉर्डातली आहे की घरातली, यावर मदत अवलंबून राहू नये, एवढे तरी धोरण आता ठरले पाहिजे.